हवावाल्याचा डबा

"अरे, पण आवाज कमी करायचं बटण कुठंय?" गुणाजीनं पुन्हा विचारलं.

निलेश डॅशबोर्डच्या भगदाडात कोपरापर्यंत हात घालून वायरी जुळवत होता. "काका, आता बटणबिटण काय नाय. सगळं टच. बोट लावायचं, झालं."

"आणि घाईत असलो तर?"

"घाईत बोट लावायचं."

भांडुपच्या त्या गाड्यांच्या स्टीरिओच्या दुकानासमोर प्लास्टिकच्या स्टुलावर सुगंधा, गुणाजीची बायको, बसली होती. तिच्या मांडीवर गाडीतून काढलेला जुना रेडिओ होता. गाडीबरोबर कंपनीतूनच आलेला. त्याचं गोल बटण गुणाजीच्या बोटांनी फिरवून फिरवून गुळगुळीत झालं होतं. बरेच दिवस तो नुसता खरखरत होता, म्हणून मुलानं, सुयोगनं, पुण्याहून परस्पर नवा स्टीरिओ मागवला आणि बापाला दम भरला, "रविवारी जाऊन बसवून घ्या. गाडी चालवताना फोन कानाला लावणं बंद करा आता."

गुणाजीला खरं तर काहीच नवं नको होतं. मुलुंडच्या एका शाळेत प्रयोगशाळेचा परिचर म्हणून त्याचं आयुष्य गेलं होतं. बाटल्या पुसता पुसता तो एक गोष्ट पक्की शिकला होता. जे दोन पदार्थ एकत्र आले की भडका उडतो, ते वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवायचे. घरातही तो तसाच वागत आला होता.

"फोन जोडला, काका," निलेश स्टीरिओच्या काचेवरची धूळ पुसत म्हणाला. "कॉल आला की आपोआप उचलणार. तुम्ही नुसतं बोलायचं. झकास काम झालंय."

गुणाजीनं मान हलवली. 'आपोआप' हा शब्द त्याच्या डोक्यात शिरलाच नाही.

गाडी एलबीएस रोडला लागते न लागते तोच घंटी वाजली. नव्या स्टीरिओच्या काचेवर भलीमोठी अक्षरं उमटली. हवावाला. शेजारी सुगंधा बसली होती.

हवावाला म्हणजे त्याचा थोरला भाऊ शिवदास. आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. गावच्या घरात गणपती होता आणि सुगंधाचे वडील नुकतेच गेले होते. लग्न झालेल्या मुलीला तीन दिवसांचं सुतक. ते फेडून, न्हाऊन ती चौथ्या दिवशी मोदक वळायला बसली. शिवदासनं भरल्या घरात, सगळ्यांदेखत तिला पिठावरून उठवलं. माखलेल्या हातांनीच ती परसात गेली आणि तिथं उभी राहून तिनं ग्रामदेवतेची शपथ घेतली. भावोजींच्या घराची पायरी चढणार नाही, त्यांचं तोंड बघणार नाही. मुंबईत परतल्यावर राग उतरेल असं गुणाजीला वाटलं होतं. कसला उतरतोय. शिवदास राहायचा नाहूरला, त्यांच्या मुलुंडला अगदी लागून. पण वहिनी वारल्या तेव्हासुद्धा सुगंधा इमारतीखाली रस्त्यावर उभी राहून रडली, वर गेली नाही.

वहिनी गेल्यापासून शिवदास एकटा होता, आणि गुणाजी दर रविवारी 'गाडीत हवा भरायला' जात होता. "पंपावरचा हवावाला एकटाच असतो गं बिचारा. त्याला डबा दे," असं सांगून तो डबाही न्यायचा. भरला डबा रिकामा परत करू नये म्हणून शिवदास त्यात मूठभर साखर घालून द्यायचा. घरी साखर दिसली तर वाट लागली, म्हणून गुणाजी ती जिन्यातच तोंडात टाकायचा. गेल्या तपासणीत डॉक्टरांनी भुवया वर केल्या, त्यामागं हे कारण होतं.

"गुणा, खय असंस रे?" शिवदासचा आवाज चारही कोपऱ्यांतून आला. "कितकी वाट बघूची?"

गुणाजीचा हात सवयीनं गोल बटणाकडे गेला. तिथं गुळगुळीत काच होती. त्यानं घाबरून बोट दाबलं, तसा आवाज दुप्पट झाला.

"दादा, मी नंतर..."

पण शिवदास एकदा बोलू लागला की दुसऱ्याचं ऐकत नसे. "डबो नसलो तरी चलात, तू ये. गेल्या आयतवारचो बांगडो खाल्लंय आणि आवशीची याद इली. त्या हाताक मी देवाच्या दिसा पिठावरसून उठवलंय. तिचो बापूस गेल्लो रे. सुतक माझ्या तोंडाक होता, तिच्या हाताक नाय. पण तिका सांगूक जीभ उचलना नाय. तू पण सांगू नको."

गुणाजीनं गाडी कशीबशी बाजूला घेतली. बायकोकडे बघायची त्याची छाती होईना. आता ही दार उघडून चालू लागणार, रविवारचा डबा बंद होणार, आणि दादा पावावर दिवस काढणार. त्याच्या डोळ्यांसमोर हे सगळं येऊन गेलं.

सुगंधानं खांद्यावरचा पदर नीट ओढून घेतला आणि ती त्या काचेकडे जरा वाकली.

"भावोजी, मी सुगंधा. बांगड्यात तिरफळां जास्त झाली काय वो?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"नाय गो," शिवदास म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. "बरोबर होती."

"मी खाली येतंय. तुमी गॅलरीत ऱ्हवा."

फोन बंद झाला. गुणाजीनं कपाळावरचा घाम पुसला. "तुला माहीत होतं?"

"पंपावरचा हवावाला जौनपूरचा. कांदासुद्धा खात नाही. मी एकदा विचारलं त्याला, बांगडा कसा झाला होता म्हणून. कानांवर हात ठेवले त्यानं. मग आपल्यात एकटं असलेलं दुसरं कोण?"

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर बंद करायला लावावं लागलं असतं."

गुणाजी तिच्याकडे बघतच राहिला. एवढ्या वर्षांच्या संसारात बायको आपल्याला कळली आहे, असा त्याचा समज होता. "आणि शपथ?" त्यानं दबकत विचारलं.

"ती आहे तिथंच आहे. पायरी चढणार नाही, तोंड बघणार नाही. देवाला दिलेला शब्द मी मोडत नाही. आवाजाचं तेव्हा काही बोलले नव्हते. चला, नाहूरला घ्या गाडी."

इमारतीखाली तिनं नेमकी जागा दाखवली आणि गुणाजीनं पुन्हा फोन लावला. वहिनींच्या वेळी ती तिथंच उभी होती. दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या कठड्याला धरून शिवदास फोन कानाला लावून उभा होता. बनियन आणि लेंगा, विस्कटलेले पांढरे केस. गुणाजी खाली उतरला आणि त्यानं दार लावून घेतलं. आत सुगंधा सरळ समोर बघत होती. मधूनच तिचे ओठ हलायचे. एकदा तिनं डोळे पुसले. काचा बंद होत्या आणि आवाज तिनं बोट लावून कमी केला होता, त्यामुळे गुणाजीला एक अक्षरही ऐकू येत नव्हतं, आणि ऐकायची गरजही वाटत नव्हती. आज त्याला फळ्या सांभाळायच्या नव्हत्या. त्याला एकाएकी कडकडून भूक लागली.

थोड्या वेळानं वरून दोरीला बांधलेली भाजीची पिशवी हलत डुलत खाली आली. पिशवीत गेल्या रविवारचा डबा होता, घासून लख्ख केलेला. गुणाजीनं तो घेतला आणि सवयीनं त्याचा अंगठा झाकणाखाली गेला. मग तो थांबला. दार उघडून त्यानं डबा तसाच बंद सुगंधाच्या हातात दिला.

तिनं झाकण काढलं. आत साखर होती.

"दर वेळी असते?"

"दर वेळी."

"आणि जायची कुठं?"

गुणाजीनं आपल्या पोटाकडे बोट केलं. सुगंधा हसली नाही. तिनं साखरेत बोटं घातली, तीच बोटं, आणि चिमूटभर उचलून तोंडात टाकली. वर बघायचं नव्हतं, म्हणून तिनं डोळे मिटून घेतले.

"पोचलो काय गो डबो?" नव्या स्टीरिओतून शिवदासनं विचारलं.

तिनं साखर जिभेवर विरघळू दिली.

"पोचलो, भावोजी," ती म्हणाली.