कुंकवाखालची सिद्धम्मा

मी एक जुनी तसबीर आहे. माझ्यात कोण आहे, हे शंभर वर्षांत कुणी विचारलंच नाही. मित्रांनो, जिवाची कशी घालमेल होते, ते आज तुम्हालाच सांगते.

मला रंगवलं सिद्धम्मानं. कळंबच्या या घरात ती नवी सून होती. माहेरहून आणलेले रंग तिनं ट्रंकेत लपवले होते. दुपारी घरातली माणसं कलंडली, की आरसा मांडून ती स्वतःलाच रंगवायची. पदर खोचलेला, हातात कुंचला, नजर थेट समोर. शेवटी कोपऱ्यात तिनं ऐटीत आपलं नाव घातलं. मला तर आभाळ ठेंगणं झालं!

एकदा सासूनं मला पाहिलं. सुनेनं स्वतःचंच चित्र काढावं? ती मला चुलीत घालायला निघाली. तेवढ्यात धाकटी जाऊ लक्ष्मम्मा आडवी आली. तिनं चटकन माझ्या कपाळाला कुंकू फासलं.

"देवी हाय ही, सासूबाई! जाळता व्हय?"

सासूचे हात आपसूक जोडले गेले. मी वाचले, पण सिद्धम्मानं पुन्हा कुंचला धरला नाही. स्वतःच्याच चित्रापुढं ती जन्मभर दिवा लावत राहिली. यासारखं दुःख मी दुसरं पाहिलं नाही.

पुढं मला काच आली. दर शुक्रवारी काचेवर, थेट कोपऱ्यातल्या नावापर्यंत, कुंकवाचा थर चढे, हातावर हार पडे. मान मोठा, पण मी आत गुदमरत होते. मोठ्यांचं नाव सुनांनी घ्यायचं नाही, अशी घरची रीत. त्यामुळं सिद्धम्मा गेली आणि तिचं नावही घरातून गेलं.

परवा खिळा निसटला, मी पडले, काच तडकली. भंगलेली तसबीर घरात ठेवत नाहीत. सिद्धम्माच्या पणतूनं, कुलदीपनं, मोटारसायकल काढली. "मांजरा नदीत सोडून येतो," तो म्हणाला. माझ्या तर काळजाचं पाणी पाणी झालं. नदीत रंग किती वेळ टिकणार?

"पप्पा, काच कशाला पाण्यात? कुणाच्या पायात घुसंल," म्हणत त्याच्या लेकीनं, शिवांजलीनं, हार आणि काच काढली. आणि ती तशीच थबकली.

"आजी, देवीच्या हातात कुंचला कसा? अन् इथं नाव हाय... सिद्धम्मा. कोण गं ही?"

म्हाताऱ्या महादेवीनं डोक्यावरून पदर घेतला. "तुझ्या आज्याची आजी. आमच्या आजेसासूबाई." नाव मात्र तिनं घेतलं नाही.

कुलदीपनं मोटारसायकल पुन्हा आत लावली.

आता मी बैठकीत आहे. लक्ष्मम्माचं कुंकू शिवांजलीनं पुसू दिलं नाही. त्या कुंकवानंच मला वाचवलं होतं. मित्रांनो, जुनी तसबीर टाकण्याआधी काच काढून एकदा नीट पाहा. कुणाचं तरी नाव कोपऱ्यात वाट बघत असेल.

काल शुक्रवारी शेजारीण आली आणि हात जोडून म्हणाली, "ही कुठली देवी वो?"

महादेवीनं डोक्यावरचा पदर सावरला. मग आयुष्यात पहिल्यांदा, सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाली, "देवी न्हाय. सिद्धम्मा."