शिंप्याचं मांजर

आपल्या बेकरीच्या तपासणीला मलाच पाठवावे, अशी गळ माझ्या भावोजींनी आमच्या साहेबांना घातली होती. मेहुणी आरोग्य खात्यात असण्याचा काही उपयोग झाला पाहिजे, असे त्यांचे स्वच्छ मत होते. त्यांच्याकडे स्वच्छ असे तेवढेच.

शाळेला पाव त्यांच्याकडून जात असे आणि मुलांच्या उलट्यांची तक्रार आली होती. उंदरांचा माग सापडला तर बेकरीला सील लागणार होते. ताईचा सारा संसार त्याच भट्टीवर चालायचा.

साहेबांबरोबर आत पाऊल टाकताच फिनेलने डोळे चुरचुरले. भिंतीवरचा चुना इतका ताजा होता की साहेबांच्या बाहीला लागला. भावोजींनी त्यांना खुर्ची दिली आणि बिस्किटांचा डबा हातात ठेवला.

“नातवंडांसाठी, साहेब. नाही म्हणायचं नाही.”

साहेब नाही म्हणणारे नव्हतेच. डबा मांडीवर घेऊन ते तान्ह्या बाळासारखा सांभाळत बसले.

“काय डॉक्टरीणबाई, भिंग आणलंय ना?” भावोजी माझ्याकडे वळले. “शोधा, शोधा. उंदीर सापडला तर मिशी उतरवीन. आता तर आमच्याकडे हा पहारेकरी आहे.”

पहारेकरी म्हणजे मैद्याच्या पोत्यावर बसलेले मांजर. जिथे खाण्याचे पदार्थ बनतात तिथे जनावर ठेवायचे नाही, हा साधा नियम. तो मोडण्यासाठी भावोजींनी शेजारच्या शिंप्याकडून मांजर उसने आणले होते. त्याच्या गळ्यात मोजपट्टीचा तुकडा बांधलेला होता.

मांजराने आमच्यापैकी कोणाकडे ढुंकूनही पाहिले नाही. समोरच्या पत्र्याच्या कपाटाच्या बुडाशी त्याची नजर खिळली होती आणि शेपटीचे टोक हलत होते.

“हे कपाट सरकवा,” मी म्हणाले.

“अगं, कालच लावलंय ते,” ताई भट्टीजवळून म्हणाली.

“म्हणूनच.”

कपाटामागे चुना पोचला नव्हता. उंदरांच्या अंगाचे तेलकट काळे पट्टे भिंतीच्या कडेने गेले होते, खाली लेंड्या होत्या आणि भोकात घरटे. त्यात गुलाबी पिल्ले वळवळत होती. घरटे आमच्या खात्याने कारागिरांना वाटलेल्या कागदी टोप्यांचे होते. त्या टोप्या एकाही डोक्यावर मी कधी पाहिल्या नव्हत्या. कुणीतरी त्या वापरल्या, एवढे समाधान.

साहेबांनी घसा खाकरला. “नोटीस देऊन ठेवू. बेकरी राहू दे चालू. घरचीच माणसं आहेत.”

“चालेल,” मी म्हणाले. “मग डबा तेवढा आठवणीने घरी न्या. नातवंडं वाट बघत असतील.”

साहेबांनी डब्याकडे पाहिले, मग पिल्लांकडे. डबा हळूच टेबलावर सरकवून त्यांनी बोटे विजारीला पुसली. शाळेतल्या मुलांची आठवण त्यांना नातवंडांवरून झाली असावी.

“सील लावा,” ते पुटपुटले.

“सख्ख्या बहिणीच्या पोटावर पाय देतेस?” भावोजी कडाडले.

“तिच्यावर काय ओरडता?” ताई म्हणाली. “भोक बुजवा म्हणून मी कानीकपाळी ओरडत होते. तर म्हणे, कपाट लावू, दिसणार नाही.”

तिने भट्टी बंद केली आणि आम्ही बाहेर पडल्यावर शटर स्वतःच्या हाताने ओढले. माझ्याकडे पाहिले नाही.

“रविवारी जेवायला येऊ नकोस,” एवढेच म्हणाली.

“बरं,” मी म्हणाले आणि कुलपावर लाख ओतली.

शेजारी भावोजी मांजर मानगुटीला धरून शिंप्याच्या दारात उभे होते. मिशी जागेवर होती.

“हे घ्या तुमचं मांजर! उंदीर धरायचा सोडून चहाडी करतं.”

“थांबा, आत नका सोडू,” शिंपी घाईघाईने उठला. “कुठून आलंय ते! आधी पाय धुतो त्याचे.”