टकटक

माझ्या दिराने, प्रज्वलने, जुनी स्पोर्ट्स कार घेतली. आईने एकदा तिच्यात बसावं एवढीच त्याची हौस. पण क्लच सोडला की मागून 'टक' व्हायचं आणि सासूबाई म्हणायच्या, "त्या खटाऱ्यात मी नाही बसत!"

मग तो गाडीखाली झोपला. मागची चाकं फिरवणारा डिफरन्शियलचा डबा ज्या रबरांवर टांगलेला असतो, त्यांत त्याने कॉलर, म्हणजे धातूची घट्ट कडी, ठोकली. "आता हलणारच नाही, वहिनी!"

खरंच हललं नाही, आणि सासूबाई एकदाच्या बसल्या. त्यांच्या बहिणीच्या गावापर्यंतचा, उंद्रीपर्यंतचा, प्रत्येक खड्डा मात्र थेट सीटवर पोचला.

प्रज्वलच्या मावशी दारातच होत्या. "कशी हाय वं गाडी?"

सासूबाई कंबर सरळ करत म्हणाल्या, "लेकानं माह्यासाठी कसून घेतली. जराही आवाज नाही!"

प्रज्वल फुलला. सासूबाई माझ्या कानाशी आल्या.

"जाताना एस्टीनं जाऊ वं."