लॅपटॉपातले आत्मे

जुईनगर गावातल्या समाजमंदिरात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. समोर चौरंग, चौरंगावर भगव्या कापडात लॅपटॉप, लॅपटॉपला झेंडूचा हार आणि माऊसला हळदकुंकू. मागे स्वरसिद्ध बाबा कानांना हेडफोन लावून, डोळे मिटून बसलेले. आदल्या दिवशी मृताचा मोबाइल बाबांच्या चरणी ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी मृताने स्वतः बोलायचं, असा तिथला रिवाज.

"आवाज मरत नाही!" बाबा गरजले. "तो वर सेव्ह होतो! आज स्वर्गाचं नेटवर्क जरा वीक आहे, पण बघू."

पहिले बोलले सुभाष नावाच्या गृहस्थाचे वडील. बोलले म्हणजे काय, "बाळा" ही हाक त्यांनी चक्क गाऊन मारली, तीही बिनचूक सुरात. हयातीत ते आरती म्हणू लागले की लोक झांजा जोरात वाजवत, आवाज झाकला जावा म्हणून. सुभाष हुंदके देत म्हणाला, "वर गेल्यावर वडिलांचा गळा सुधारला!" लोकांनी हात जोडले.

मग सरस्वतीबाईंची पाळी आली. त्यांचे पती देवजी गेल्या वर्षी वारले होते. लॅपटॉपातून गुहेतून यावा तसा घुमता आवाज आला, "सरस्वती... गोल्या... नको." आणि मागे लांबलचक शंख.

"विष्णूचा शंख!" बाबा डोळे मिटूनच म्हणाले. "देवजी वैकुंठात आहेत. औषधं बंद करायला सांगतात."

सरस्वतीबाईंना बीपी होतं, शुगर होती. पण आवाज देवजींचाच होता, त्यात शंका नव्हती. त्यांनी गोळ्या बंद केल्या. बेलापूरला कारकून असलेला त्यांचा मुलगा तेजस याने तर तो संदेश रिंगटोन करून टाकला. त्याच्या साहेबांचा फोन आला की देवजी वैकुंठातून गोळ्या नाकारत.

काही दिवसांनी सरस्वतीबाई जिन्यात चक्कर येऊन कोसळल्या. वरच्या मजल्यावरची भाडेकरू नमिता नेमकी खाली येत होती. तिनेच त्यांना डॉक्टरकडे नेलं. नमिता घरच्या कॉम्प्युटरवर हळदीची गाणी आणि जाहिरातींच्या धून बनवायची. आवाज घुमू नये म्हणून तिने खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या.

तेजसही दवाखान्यात धावत आला; परतताना त्याचा फोन वाजला. नमिताने कान टवकारले.

"तेजस, ही रिंगटोन मला पाठव. आणि बाबांकडून परत आलेला काकांचा फोनही दे."

"कशाला? पप्पांचा अपमान नको."

"आई जिन्यात पडली, तो मान होता का?"

घरी पोहोचताच तेजसने दोन्ही गोष्टी दिल्या.

पुढच्या सभेत बाबांनी डोळे मिटले, तशी नमिता आपला लॅपटॉप घेऊन उठली. "बाबा, मलाही काल एक आत्मा भेटला. ऐकवू?"

बाबांनी नाही म्हणण्याआधीच स्पीकर घुमला, "भक्तहो... मी... वर... सुखात... काळजी करू नका." मागे शंख.

आवाज बाबांचाच होता. पुढच्या रांगेतल्या शेवंताबाईंनी बोटाने बाबांचा गुडघा दाबून पाहिला. "गरम हायती," त्यांनी जाहीर केलं. मागून कुणीतरी विचारलं, "बाबा, कधी गेलात?" एकाने तर श्रद्धांजली म्हणून चप्पल काढून दोन मिनिटं उभं राहायला सुरुवात केली.

"मी जिवंत आहे!" बाबा ओरडले.

"मग आत्मा कुणाचा?" नमिताने विचारलं. "तुम्ही रोज सांगता, 'भक्तहो, मी सांगतो, तुमची माणसं वर सुखात आहेत, त्यांची काळजी करू नका.' मी फोनवर रेकॉर्ड केलं, मधले शब्द कापले, उरलेले जोडले, आवाज जाड केला आणि वर घुमारा चढवला. सुभाषभाऊ, बेसूर आवाज सुरात ओढायचंही बटण असतं. आता हे ऐका."

तिने देवजींच्या फोनमधला जुना निरोप लावला. सरस्वतीबाई माहेरी उरणला गेल्या असताना पाठवलेला.

"सरस्वती, मी भात लावलाय. तू गोल्या घेवाला इसरू नको."

आणि मागे कुकरची शिट्टी. नमिताने ती संथ करून पुन्हा वाजवली. विष्णूचा शंख झाला.

तेजसने मान खाली घातली. बाबा हेडफोनची वायर गुंडाळत मागच्या दाराकडे सरकले, पण दारात आदल्या दिवशी फोन ठेवून गेलेली माणसं उभी होती आणि प्रत्येकाला आपल्या माणसाचा फोन परत हवा होता.

"आवाज खरा होता," नमिता म्हणाली, "वाक्य खोटं होतं. आज हे काम कुणालाही घरी बसून करता येतं. म्हणून आवाज ओळखीचा वाटला तरी विचारा, हे पूर्ण बोलणं कुठे आहे? आणि गोळ्यांचं डॉक्टरला विचारा."

सरस्वतीबाई हळूच उठल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज ठाम होता.

"मशीनचा मना काय कलत नाय. पन ज्यो मानूस रोज माज्या हातावर गोली ठेवायचा, त्यो वर जाऊन 'गोली नको' कशाला सांगल? येवराच इचार मी केला असता, तरी पुरला असता."