डोमाजींच्या अंगातला दुसरा माणूस

रोहण्याच्या डोमाजींना मधुमेह झाला आणि रोज पोटाला इन्सुलिन टोचायची वेळ आली. टोचून घ्यायला त्यांची हरकत नव्हती. गोड बंद झालं, ते मात्र सहन होईना.

दिवाळीला पुतणी मयुरी वर्ध्याहून आली. ती तिथल्या कॉलेजात जैवतंत्रज्ञान शिकत होती. डोमाजींनी इन्सुलिनची बाटली तिच्यापुढे धरली.

"पोरी, हे कोन्या झाडाचं औषध हाये?"

"झाडाचं नाई, मोठे बाबा. हे जंतूंकडून करून घेतात."

मग तिने समजावलं. इन्सुलिन बनवायची कृती माणसाच्या एका जनुकात असते. जंतूकडे डीएनएचं एक छोटं कडं असतं. एक एन्झाइम कात्रीसारखं ते कडं कापतं, मधे माणसाचं जनुक बसवतात, दुसरं एन्झाइम सांधे जोडतं. कडं परत जंतूत गेलं, की जंतू वाढत जातात आणि माणसाचं इन्सुलिन बनवत बसतात.

"म्हंजे जनुक दुसऱ्याच माणसाचं?" डोमाजींचे डोळे चमकले.

"हो, पण—"

पुढचं ऐकायला ते थांबलेच नाहीत.

दुपारी त्यांची बायको सुलोचनाबाई स्वयंपाकघरात आल्या, तर डोमाजींचा हात गोरसपाकाच्या, म्हणजे वर्ध्याच्या गोड तुपाळ बिस्किटांच्या डब्यात.

"काऊन खाऊन राह्यले? लाज नाई वाटत?"

"मी कुठं खाऊन राह्यलो? ज्याचं जनुक मले टोचलं, त्याले गोडाची सवय हाये. मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी वावरात जायच्या वेळी ते खाटेवर पडून राहिले. तो माणूस आळशी निघाला म्हणे. साखर तपासली, तर चांगलीच चढलेली.

सुलोचनाबाईंनी मयुरीला गाठलं. मयुरी हसत सुटली. "मोठी आई, जनुक जंतूतच राह्यते. बाटलीत फक्त शुद्ध केलेलं इन्सुलिन येते. कोनाचा स्वभाव त्यातून येत नाई."

"हे त्यायले सांगू नोको."

संध्याकाळी शेजारचे वासुदेवराव अंगणात बसले असताना सुलोचनाबाईंनी फराळाच्या खरकट्या भांड्यांची रास डोमाजींपुढे आणून ठेवली.

"मयुरीनं चौकशी केली. तुमच्या अंगातल्या मानसाले भांडे घासल्याबिगर झोपच येत नाई."

डोमाजींनी मयुरीकडे पाहिलं. तिने गंभीरपणे मान हलवली. नाही म्हणावं, तर आपलंच सोंग उघडं पडणार. वासुदेवराव तर मजा पाहायला खुर्ची पुढे सरकवून बसले होते. डोमाजींनी निमूटपणे काथ्या उचलला आणि शेवटची कढईसुद्धा लख्ख केली.

सकाळी त्यांनी इन्सुलिनची नवी बाटली फोडली आणि टोचताच जाहीर केलं, "हा माणूस येगळा हाये. याले भांडे जमत नाई."

"बरं," सुलोचनाबाई म्हणाल्या. "अन् गोड?"

डोमाजींनी गोरसपाकाच्या डब्याकडे एकदा पाहिलं.

"तेही नाई आवडत याले," ते शेवटी पुटपुटले.