खोकी नेल्यानंतर

माझ्या गाइडना विद्यार्थ्यांनी ठेवलेलं नाव चौकटसर. कुणी काहीही लिहून नेलं की ते चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, “छान आहे, पण चौकट कुठाय?” समाज का बदलतो, हे शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. कुणी म्हणतं नवी यंत्रं आली की माणसं बदलतात, कुणी म्हणतं वरच्या-खालच्यांच्या झगड्यातून बदल होतो, कुणी म्हणतं आधी विचार बदलतात आणि मग वागणं. चौकटसर यंत्रवाले. असोत बापडे. माझं भांडण एवढंच, की माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण मी काढून टाकावं असा त्यांचा हट्ट होता, आणि ते गेलं तर मागे नुसती टरफलं उरली असती.

विषय साधा होता. एका मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या बायका पूर्वी उभ्या असायच्या, आता बसतात. हे कसं झालं?

हसू नका. धुण्याच्या मशीनवर पुरुष, त्यांना स्टुलं. इस्त्रीच्या टेबलांवर बायका, त्यांनी आठही तास उभं राहायचं. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पद्धत होती. मुकादम म्हणायचा, बसून इस्त्रीला जोर येत नाही. उशीच्या अभ्र्याला कसला डोंबलाचा जोर लागतो? माझी आई तिथेच इस्त्री करते. तिच्या पोटऱ्यांवरच्या निळ्या शिरा मी लहानपणापासून बघत आलेय. घरी आली की आधी जमिनीवर पडून पाय भिंतीला टेकवायची आणि मग आमच्याशी बोलायची.

पुढे चादरी दाबायचं मोठं मशीन आलं, सुट्या भागांत, लाकडी खोक्यांमधून. ते जोडायला यायचा तो माणूस काही आला नाही, त्यामुळे मशीन ताडपत्रीखाली पडून राहिलं. रिकामी खोकी मात्र टेबलांच्या बाजूला रचलेली. एक बाई टेकली, मग दुसरी टेकली. मुकादमानं कानाडोळा केला. खोकी काय, आज आहेत, उद्या जातील. बसूनही अभ्रे तेवढेच होत होते. काही आठवड्यांनी खोकी नेली, आणि दुसऱ्या दिवशी बायका घरून बसायला घेऊन आल्या. कुणी स्टूल आणलं, कुणी पाठ मोडलेली खुर्ची, एकीनं तर बादलीच उपडी घातली. मुकादमानं थयथयाट केला, पगार कापायची धमकी दिली. एकही उठली नाही. मशीन सुरू झालं ते त्यानंतर कितीतरी दिवसांनी.

“म्हणजे मशीनमुळेच झालं की,” चौकटसर म्हणाले.

“सर, मशीन बंद होतं.”

“पण खोकी मशीनचीच ना?” आणि स्वतःच्याच विनोदावर हसले.

“खोक्यांनी बसवलं, मान्य. पण खोकी गेल्यावर उठायला नकार खोक्यांनी दिला का?”

“मग कुणी दिला?”

इथे माझं घोडं अडायचं. मी एकूणएक बाईला विचारलं होतं, आणि सगळ्यांचं उत्तर एकच, मशीन आलं, मशीननं झालं. आईचंही तेच. “पहिलं स्टूल कुणी आणलं गं?” असं विचारलं की ती भाजी निवडायला घ्यायची. “आठवत नाही बाई. तुला दुसरे उद्योग नाहीत का?” मुकादम अजून तिथेच होता आणि आईच्या रिटायरमेंटला वर्ष उरलं होतं. ती मूग गिळून का बसलीय ते मला कळत होतं. तरी राग यायचाच.

“पुराव्याशिवाय हे प्रकरण ठेवलंस तर प्रबंध परत येईल,” सरांनी बजावलं. “त्या वेळी मी तुझ्या बाजूनं बोलणार नाही.”

“नका बोलू,” मी म्हणाले, आणि प्रकरण ठेवलं.

तोंडी परीक्षेला लांबलचक टेबलामागे परीक्षक आणि चौकटसर खुर्च्यांवर आणि समोर उमेदवार उभा, अशी रचना. मागे ऐकणारे. आई ड्यूटी संपवून तशीच आली होती, शेवटच्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसली. बाहेरून आलेल्या परीक्षकबाई बारीक चणीच्या आणि तिखट होत्या, आणि त्यांनी प्रश्नही नेमका विचारला. “या बायकांचे पाय वर्षानुवर्षं दुखत होते. मग त्याच वेळी का?”

“नुसत्या दुखण्यानं काही बदलत नाही,” मी म्हणाले. “बसलं तरी काम बिघडत नाही, एवढं खोक्यांनी दाखवून दिलं. तिथे खोक्यांचं काम संपलं. पुढचं कुणीतरी केलं.”

“कुणीतरी म्हणजे कोण? तुमच्या एकाही मुलाखतीत ती बाई नाही.”

“यांच्या आई आल्या आहेत,” चौकटसर एकदम गोड आवाजात म्हणाले. “त्यांनाच विचारू या.”

सगळ्या माना वळल्या. आई उभी राहिली. “मशीनमुळे झालं, साहेब,” ती जमिनीकडे बघत म्हणाली आणि खाली बसली.

प्रबंध, पाच वर्षं, सगळं तिथेच संपलं असं वाटलं. मग डोकंच फिरलं.

“आई खोटं बोलतेय,” मी म्हणाले. मागे कुजबूज झाली. “सगळ्याच खोटं बोलतात. मशीनचं नाव घेतलं की कुणाची नोकरी जात नाही, म्हणून सगळं श्रेय मशीनला. आणि आपण तेच उतरवून घेतो आणि त्याला सिद्धांत म्हणतो. कावळा बसला नि फांदी मोडली, तर कावळ्याचं नाव छापायचं? ती बाई सापडत नाही म्हणून ती नव्हतीच, असं मी लिहिणार नाही. परत पाठवायचाय ना प्रबंध? पाठवा.”

परीक्षकबाई शांतपणे पान उलटून पुढचा प्रश्न विचारू लागल्या, मग त्याच्या पुढचा. मी उत्तरं देत राहिले. दोन तास होत आले होते. मी कधी या पायावर, कधी त्या पायावर भार टाकत होते, आणि शेवटी टेबलाची कड धरली.

मागे फरशीवर काहीतरी कर्रर्र वाजलं. आई आपली खुर्ची ओढत मधल्या वाटेनं पुढे येत होती. ती तिनं माझ्या मागे आणून ठेवली आणि माझ्या खांद्यावर हात दाबला.

“बस.”

“अहो बाई,” चौकटसर अर्धवट उठले, “उमेदवारानं उभं राहायचं असतं. पद्धत आहे तशी.”

“आमच्याकडेही होती,” आई म्हणाली. नजर आता सरळ त्यांच्यावर होती. “पहिलं स्टूल मी नेलं. घ्या लिहून.”

परीक्षकबाईंनी पेन उचललं.

मी बसले. “हं,” मी म्हणाले, “पुढचा प्रश्न?”