मॅलकीची मिशी

जुन्या लिनन-गिरणीत माजी कामगारांच्या भेटीच्या दिवशी मॅलकी डेव्हलिन मिशी काढून आला. गिरणीच्या पाणचाकावर पाणी सोडण्याचं काम माझं. मी विचारलं, "मिशी कुठे गेली?"

"आज हेसीशी स्पष्ट बोलायचंय," तो म्हणाला. "तू फक्त मोगऱ्या सुरू कर."

लिननच्या कापडाला तकाकी यावी म्हणून लाकडी मोगऱ्यांची रांग ते दिवसदिवस कुटत असे. त्या दणदणाटात सगळे एकमेकांचे ओठ वाचून बोलायचे. मॅलकी मोगऱ्यांवर होता, हेसी कापड तपासून घड्या घालायची. एकेचाळीस वर्षांपूर्वी त्यानं तिला काहीतरी विचारलं. तिनं पाठ फिरवली आणि पुन्हा त्याच्याकडे पाहिलं नाही. ती लग्न करून बेलफास्टला गेली. आता नवरा वारल्यावर गावात परतली होती. मॅलकी एकटाच राहिला होता.

"शांततेत विचारा की," मी म्हटलं.

"शांततेत सगळं गाव ऐकतं."

हेसी घडीच्या टेबलाशी, तिच्या जुन्या जागी उभी होती. मी पाण्याच्या पाटाची फळी उचलली. पाणचाक कुरकुरलं, फिरलं आणि मोगऱ्या आदळू लागल्या. मॅलकीनं तिच्याकडे बघून चार-पाच शब्दांपुरते ओठ हलवले. हेसीनं कपाळाला आठ्या घातल्या. त्यानं पुन्हा तेच म्हटलं, सावकाश. ती टेबलावर हात टेकून हसत सुटली. मी फळी खाली सोडली.

"चहा?" मोगऱ्या थांबल्यावर हेसी म्हणाली. "रविवारी चहाला येशील का, असं म्हणालास?"

"तेव्हाही हेच विचारलं होतं."

"तेव्हा त्या मिशीच्या झुडपाआडून मला 'चर्चला' दिसलं. आईला जाऊन सांगितलं, कॅथलिकांचा पोरगा आपल्या प्रॉटेस्टंट घरातल्या पोरीला बाटवायला निघालाय."

"आई काय म्हणाली?"

"मिशीवाल्यांचा भरवसा नसतो म्हणाली. गाढवा, पुन्हा का नाही विचारलंस?"

"तू बघतच नव्हतीस. ओरडून विचारायचं होतं का?"

"या गिरणीत? ओरडून काय उपयोग?"

दोघंही हसले. मॅलकी नुकत्याच भादरलेल्या ओठावरून हात फिरवत राहिला. "मग रविवारचं?"

"चारला येते," हेसी म्हणाली. "आपापलं चर्च उरकून. सोडा-ब्रेड मी आणीन, तुझ्या हातचा पूर्वीही दातांना झेपत नव्हता."